६९० रुपयांचा सप्लाय बोर्ड: घ्या, पण कपॅसिटर उपटायची तयारी ठेवून

घरच्या ॲम्पसाठी हा सप्लाय बोर्ड (ट्रान्सफॉर्मरच्या एसीचा डीसी करून ॲम्पला देणारा) ऑनलाइन मागवला त्याला आता पाच महिने होतील. त्याच्याखालचे रिव्ह्यू बघितले तर सगळे "नाइस प्रॉडक्ट", "पॅकिंग मस्त", "फास्ट डिलिव्हरी" असलेच, पाचपैकी पाच स्टार देऊन मंडळी मोकळी, निम्म्यांनी तर बोर्ड अजून पिशवीतून काढलेला पण नसणार. म्हणून म्हणलं आपण जरा नीट लिहू. विकणाऱ्याचं नाव देत नाही, कारण हाच काळा बोर्ड, हेच हिरवे कनेक्टर आणि हाच फोटो घेऊन दहा जण बसलेत, नावं वेगळी, माल एकच.

माझा सेटअप सांगतो म्हणजे पुढचं कळेल. एलएम३८८६ हे ॲम्पचे आयसी दोन, एकेका चॅनेलला एक, ८ ओहमचे स्पीकर, ते बाबांच्या जुन्या सिस्टिमचे, लाकडी पेट्या अजून ठणठणीत आहेत. ट्रान्सफॉर्मर २४-०-२४ (मध्ये शून्य, दोन्हीकडे २४ व्होल्ट), ५ अँपिअर, आमच्याकडच्या वाइंडिंगवाल्याकडून बनवून घेतलेला, वजनाला असला की टेबलावर ठेवताना आवाज येतो. आधी सप्लाय मी व्हेरो बोर्डवर (तयार भोकांच्या बोर्डवर) बनवला होता, चालत होता पण दिसायला म्हणजे कावळ्याचं घरटं, आणि या वेळेला खोकं नीट बनवायचं ठरवलं होतं, आत बघितलं तरी लाज वाटायला नको असं. तर ६९० रुपयांत ब्रिज (एसीचा डीसी करणारे डायोड), चार मोठे कपॅसिटर, प्रत्येकावर "१०,००० मायक्रोफॅरड ५० व्होल्ट" असं ठसठशीत छापलेलं, दोन एलईडी, आणि दोन चॅनेलला दोन वेगळे आउटपुट कनेक्टर. म्हणजे एका रेलला (प्लसच्या किंवा मायनसच्या लाइनला) २०,००० मायक्रोफॅरड. कागदावर जबरदस्त. चार सुटे कपॅसिटर घ्यायला गेलं तरी याच्या दुप्पट जातात, तेव्हाच डोक्यात पाल चुकचुकायला पाहिजे होती, पण स्वस्तात मिळतंय म्हणल्यावर कोण विचार करतो.

पीसीबी मात्र खरंच चांगला आहे, ते कबूल. ड्रिलिंग सरळ, मास्क (वरचा रंगाचा थर) कुठे उडालेला नाही, स्क्रूची भोकं चारी कोपऱ्यांत व्यवस्थित, सोल्डरिंग चकचकीत. जोडला, आधी सिरीज बल्ब लावून चालू केला (१०० वॅटचा पिवळा बल्ब, जुन्या मेकॅनिक लोकांचा सगळ्यात स्वस्त विमा, आतमध्ये काही शॉर्ट असलं तर बल्ब पेटून राहतो आणि आयसी वाचतो), बल्ब एकदा भक्कन पेटला आणि हळूहळू विझला, म्हणजे कपॅसिटर चार्ज झाले, सगळं ठीक. मग सिरीज काढून डायरेक्ट लावला. मीटरवर प्लस ३६, मायनस ३६. २४ चे ३६ कसे म्हणून घाबरू नका, लोड नसताना माझा ट्रान्सफॉर्मर २६ देतो, त्याला १.४१४ ने गुणा आणि डायोडचा एखादा व्होल्ट वजा करा, तेवढेच येतात. एलएम३८८६ ला दोन्ही रेल मिळून ८४ पर्यंत चालतं, आपले ७२, काही प्रॉब्लेम नाही.

स्पीकर जोडले. गाणं लावायच्या आधीच स्वयंपाकघरातून आईचा आवाज, "अरे खाली गिरणी चालू झाली का परत?"

गिरणी नव्हती, माझा ॲम्प होता. घूंऽऽ असा आवाज, दोन्ही स्पीकरमधून, व्हॉल्यूम शून्यावर असताना. गाणं लावलं की त्याच्याखाली दबतो, दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत परत गिरणी.

आता हमिंग आलं की आपल्याकडे एकच औषध, "फिल्टर कंडेन्सर वाढव" (कंडेन्सर म्हणजे कपॅसिटरच). मित्राला फोन केला तर तो हेच म्हणाला, मलाही तेच वाटलं. पण २०,००० च्या वर अजून किती वाढवणार? म्हणून म्हणलं आधी आहेत ते तरी खरे आहेत का बघू. माझ्या मीटरमध्ये एवढी मोठी कपॅसिटी मोजायची सोय नाही, तर ही पद्धत वापरली, कुणालाही घरी करता येते. एक कपॅसिटर बोर्डवरून काढला, वायफाय राउटरच्या १२ व्होल्टच्या अडॅप्टरने (मध्ये १०० ओहम टाकून) चार्ज केला, अडॅप्टर काढला आणि कपॅसिटरला १० किलोओहमचा रेझिस्टर लावून मोबाइलवर स्टॉपवॉच चालू. व्होल्टेज १२ वरून साधारण ४.४ वर, म्हणजे ३७ टक्क्यांवर यायला जेवढे सेकंद लागतात ते म्हणजे ओहम गुणिले फॅरड. १०,००० मायक्रोफॅरड असेल तर १०० सेकंद लागायला पाहिजेत. मी मीटरकडे बघत बसलो, ११... ९... ७... आणि ४.४ आलं तेव्हा स्टॉपवॉचवर ४१. परत केलं, परत ४१. बाकीचे तीन काढले, ४०, ४२, ४३. टॉलरन्स २० टक्के धरला तरी ८० सेकंदांच्या खाली जायला नको होतं.

मग एकाचं प्लास्टिकचं कव्हर ब्लेडने फाडलं. आतमध्ये दुसरं कव्हर! आणि त्याच्यावर छापलेलं, ४,७०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्ट. म्हणजे जुन्या शर्टावर नवीन शर्ट घालून लग्नाला आलेला पाहुणा. कपॅसिटी कमी आहे हे एक वेळ परवडलं, पण ३५ व्होल्टचा माल मी ३६ वर चालवत होतो आणि आमच्याकडे रात्री अकरानंतर लाइन २५० ला जाते तेव्हा तिथे ३९ येतात. तो एक दिवस टोपी उडवून फुटला असता, आणि मी त्याच्यावर डोकं घालून सोल्डरिंग करत असतो तर काय, विचारच नको. यासाठी विकणाऱ्याला शून्य मार्क, कसलीही सवलत नाही.

शनिवारी तपकीर गल्लीत गेलो. पुण्याबाहेरच्यांसाठी सांगतो, बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांची ही गल्ली, मुंबईला लॅमिंग्टन रोड तसं आपलं हे, फक्त गाडी लावायला जागा शोधण्यात अर्धा तास जातो तो वेगळा. एका दुकानात काकांना म्हणलं, काका, दहा हजार पन्नास व्होल्ट आहे का? काकांनी मान पण वर केली नाही, "कुठला देऊ साहेब, खरा का छापलेला?" म्हणलं खराच द्या. त्यांनी काढून दिला तर तो हातात धरल्यावर कळलं की खरा १०,००० म्हणजे काय आकार असतो, ३५ मिलिमीटर जाड, बोर्डवर जागा २२ ची. बसणारच नाही. शेवटी काका म्हणाले ६,८०० चे घ्या, २५ जाडीचे आहेत, खेटून बसतील. चार घेतले, ७२० रुपये. बोर्डपेक्षा कपॅसिटर महाग! तिथेच कण्णूरला बनणारे केल्ट्रॉनचे पण दिसले, पण त्या व्हॅल्यूत नव्हते.

उपटताना एक सांगून ठेवतो. ग्राउंडचा (शून्य व्होल्टचा) कॉपर मोठा आहे, २५ वॅटच्या आयर्नने कथील विरघळतच नाही, नुसतं दाबत बसलात तर पॅड उखडून येतं, माझं एक आलंच. ६० वॅटचं आयर्न घ्या, आधी थोडं नवीन कथील घाला आणि मग विकने (कथील शोषणाऱ्या तांब्याच्या जाळीने) ओढा.

तर नवीन कपॅसिटर बसवले, एका रेलला आता खरे १३,६०० मायक्रोफॅरड. हिशोब सोपा आहे, ब्रिजनंतर १०० हर्ट्झ असतं, २ अँपिअर खेचले तर आधीच्या ८,२०० ला साधारण अडीच व्होल्टची रिपल (डीसीवर उरलेली लाट), आता दीड. मोठ्या आवाजात बेस जरा घट्ट झाल्यासारखा वाटला, किंवा ७२० रुपये घातल्यामुळे वाटला असेल. उत्साहात व्हॉल्यूम शून्य केला.

घूंऽऽ. जशीच्या तशी.

इथे माझा एक रविवार गेला, आणि या बोर्डचा खरा दोष त्याच रविवारी सापडला. आवाज व्हॉल्यूमने बदलत नाही म्हणजे मागून येणाऱ्या सिग्नलमधला नाही. सेट टॉप बॉक्सची वायर काढली, फरक नाही. ट्रान्सफॉर्मर लांब वायरने टेबलाखाली नेऊन ठेवला, फरक नाही. मग कंटाळून उजव्या चॅनेलची इनपुटची वायर ॲम्पच्या बोर्डवरून काढली, आणि एकदम शांत! डावा पण शांत, उजवा पण शांत. ती जोडून डावी काढली, तरी शांत. दोन्ही जोडल्या की गिरणी. म्हणजे एकट्याने दोघंही सज्जन, एकत्र आले की भांडण. याला सरळ अर्थ एकच, ग्राउंडचा लूप (ग्राउंडच्या वायरींचा बंद फेरा, त्यात करंट फिरतो), आणि तो लूप सप्लाय बोर्डच्या आतच तयार होतोय.

बोर्ड उलटा करून ट्रॅक बघितला आणि डोक्यावर हात मारला. प्लसचे दोन कपॅसिटर डाव्या टोकाला, मायनसचे दोन उजव्या टोकाला, त्यांना जोडणारी ग्राउंडची पट्टी मधून जाते, साधारण ३ मिलिमीटर रुंद आणि ६० मिलिमीटर लांब. आणि डाव्या चॅनेलच्या कनेक्टरचं ग्राउंड घेतलंय या पट्टीच्या डाव्या टोकावरून, उजव्याचं उजव्या टोकावरून. फोटोत काय छान सिमेट्रिकल दिसतं! पण या पट्टीतून काय वाहतं बघा. ट्रान्सफॉर्मर कपॅसिटरला सतत करंट देत नाही, लाटेच्या टोकाला दोन-तीन मिलिसेकंद एक जोरदार गचका देतो, सेकंदाला १०० वेळा. तो गचका प्लसच्या कपॅसिटरमधून ग्राउंडच्या या पट्टीतून मायनसच्या कपॅसिटरमध्ये जातो आणि ब्रिजवाटे परत. सरासरी २ अँपिअर लोड असेल तर गचका ८-१० अँपिअरचा सहज असतो. नेहमीच्या ३५ मायक्रॉन कॉपरच्या एका चौकोनाला अर्धा मिलिओहम धरतात, ३ रुंद ६० लांब म्हणजे २० चौकोन, १० मिलिओहम. १० अँपिअर गुणिले १० मिलिओहम, १०० मिलिव्होल्ट! म्हणजे दोन चॅनेलची "ग्राउंड" एकमेकांपासून मोठ्या आवाजात १०० मिलिव्होल्टने हलतायत, आणि ती दोन्ही पुढे जाऊन व्हॉल्यूम कंट्रोलवर सिग्नलच्या वायरच्या शील्डने (वरच्या जाळीने) परत जोडली जातात. मग करंट शील्डमधून पण फिरणार, तो सिग्नल म्हणून आत शिरणार आणि आयसी त्याला इमानदारीने २१ पट करून स्पीकरला देणार.

नुसता हिशोब नको म्हणून मोजलं पण. दोन कनेक्टरच्या ग्राउंडमध्ये मीटर एसी मिलिव्होल्टला लावला, गाणं नसताना ३ च्या आसपास, गाणं मोठं केलं की ३० च्या वर उड्या मारायला लागलं. एकाच पट्टीच्या दोन टोकांमध्ये! ज्याला आपण शून्य म्हणतो तिथे. नुसत्या ३ मधले दीड जरी इनपुटला पोचले तरी स्पीकरवर ३० मिलिव्होल्ट होतात, रात्रीच्या शांततेत ते आरामात ऐकू येतात.

आणि म्हणूनच कपॅसिटर बदलून हमिंगला काही फरक पडला नाही. कपॅसिटर अजून मोठे टाकले असते तर गचका अजून अरुंद आणि उंच झाला असता, म्हणजे आवाज कमी व्हायच्या ऐवजी वाढला पण असता. "कंडेन्सर वाढव" म्हणणाऱ्या माझ्या मित्राला हे सांगितलं तर तो म्हणतो, मग काय सगळे मेकॅनिक वेडे का? वेडे नाहीत रे बाबा, त्यांच्याकडे येणाऱ्या जुन्या सेटमध्ये कपॅसिटर सुकलेले असतात, तिथे ते औषध बरोबर आहे, इथे दुखणं वेगळं आहे.

उपाय इतका साधा की सांगायला पण लाजल्यासारखं होतं. घरात फिटिंगच्या वेळची प्लग पॉइंटची अडीच एमएमची तांब्याची वायर पडलेली होती, तिचा ६ सेंटिमीटरचा तुकडा सोलून, पीळ देऊन, ग्राउंडच्या पट्टीवरचं मास्क ब्लेडने खरवडून पूर्ण लांबीभर झाळला. अडीचच्या वायरचा रेझिस्टन्स एक मीटर लांबीला साडेसात मिलिओहम, म्हणजे एवढ्या तुकड्याचा अर्धा मिलिओहम पण नाही, १० वरून अर्ध्यावर. मग दोन्ही कनेक्टरचं ग्राउंड वापरणं बंद केलं. पट्टीच्या बरोबर मधून एक जाड वायर बाहेर काढली, खोक्याच्या मध्यभागी पितळेचा एक बोल्ट, आणि दोन्ही आयसीची ग्राउंड, दोन्ही स्पीकरच्या परतीच्या वायरी, सगळं त्या एकाच बोल्टवर. आळीच्या नळासारखं झालंय, सगळ्यांनी तिथेच पाणी भरायचं. खोक्याला अर्थिंग वेगळं, थ्री पिनमधून थेट बॉडीला, ते कुणी हमिंगसाठी काढायचा सल्ला दिला तर अजिबात ऐकू नका, ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं की २३० व्होल्ट डायरेक्ट खोक्यावर येतात.

चालू केला. मला वाटलं चालूच झाला नाही. कान स्पीकरच्या कापडाला लावला तेव्हा अगदी बारीक फस्स् ऐकू आलं, बस. मीटर पट्टीच्या त्याच दोन टोकांमध्ये लावला तर ०.२ मिलिव्होल्टच्या आसपास लुकलुकतोय.

बाकीच्या छोट्या गोष्टी. एलईडीला २.२ किलोओहमचा पाव वॅटचा रेझिस्टर दिलाय, ३६ व्होल्टवर त्याच्यात अर्ध्या वॅटच्या वर जातात, हात लावला तर चटका बसतो आणि महिन्याभरात खालचा बोर्ड तपकिरी पडला होता. ४.७ किलोओहम अर्धा वॅट लावा, उजेड थोडा कमी, पण जळत नाही. कपॅसिटर रिकामे करायला वेगळी सोय दिलेलीच नाही, आयसी जोडलेले नसताना बोर्ड टेस्ट केला आणि बंद करून लगेच हात घातलात तर स्क्रूड्रायव्हरला ठिणगी नक्की, मी दोन्ही रेलला २.२ किलोओहम २ वॅटचे रेझिस्टर झाळले, एक मिनिटात ५ व्होल्टच्या खाली येतं. ब्रिज ८ अँपिअरचा आहे म्हणे, असेल, पण हीटसिंक नाही आणि त्याला खेटून कपॅसिटर, कपॅसिटरला उष्णता म्हणजे आयुष्य कमी. मी तो काढून केबीपीसी३५१० टाकला, मधोमध भोक असलेला चौकोनी, थेट खोक्याच्या ॲल्युमिनियमवर स्क्रूने आवळला, बोर्डवर नुसत्या वायरी. हे सगळ्यांनी करायलाच पाहिजे असं नाही.

रेग्युलेटेड सप्लाय (व्होल्टेज एका आकड्यावर धरून ठेवणारा) का नाही केला, असं एकाने विचारलं. या आयसीला सप्लायमधली रिपल बऱ्यापैकी पचते, डेटाशीटमध्ये रिजेक्शनचा (ती रिपल दाबण्याचा) टिपिकल आकडा १०० डेसिबलच्या वर आहे, त्यासाठी अजून एक गरम होणारी वस्तू खोक्यात कशाला? त्यापेक्षा आयसीच्या पायाला चिकटून ०.१ मायक्रोफॅरड आणि शेजारी ४७० चा कपॅसिटर टाका, डेटाशीटवाले तेच सांगतात, आणि हा बोर्ड आयसीपासून एक फूट लांब असेल तर त्याची गरज पडतेच.

विकणाऱ्याच्या सर्व्हिसबद्दल. फाडलेल्या कव्हरचा फोटो पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं, "सर १५० रुपये रिफंड करतो, प्लीज फाइव्ह स्टार द्या." ३५ व्होल्टबद्दल एक शब्द नाही. १५० घेतले, स्टार दोनच दिले, ते पण पीसीबीसाठी. ग्राउंडच्या पट्टीचं सांगितलं तर त्यांनी एक अंगठा पाठवला, तो समजल्याचा होता का टाळल्याचा, देव जाणे.

एकूण खर्च रिफंड वजा जाता बोर्डचे ५४०, कपॅसिटर ७२०, ब्रिज आणि रेझिस्टर मिळून शंभरच्या आत, वायर फुकट. ज्याला सोल्डरिंग येतं, मीटर आहे आणि एखादा रविवार घालवायची तयारी आहे त्याने नुसता पीसीबी म्हणून घ्यायला हरकत नाही, याच डिझाइनचा मोकळा बोर्ड पण मिळतो, तोच घ्या, उपटायचा त्रास वाचेल. ज्याला लावला आणि वाजला असं पाहिजे त्याने याच्या वाटेला जाऊ नये, ३५ व्होल्टचं फटाक्यासारखं प्रकरण तर घरात मुलं असतील तर अजिबात नको.

उजवा चॅनेल अजून डाव्यापेक्षा किंचित गरम राहतो, ते हीटसिंकचं काम दिवाळीत. आणि काढलेले ते चार कपॅसिटर ड्रॉवरमध्ये पडलेत, १२ व्होल्टच्या कामाला चालतील, पुण्यात कुणाला पाहिजे असतील तर फुकट घेऊन जा, फक्त वरचं कव्हर मी फाडूनच देणार.